ट्रॅफिकच्या गणितातून पॉइसन हद्दपार करायचा?

ताशी_दर: "इंटरनेटचं ट्रॅफिक सेल्फ-सिमिलर आहे हे १९९४ लाच सिद्ध झालं, मग अर्लांग आणि पॉइसन अजून शिकवता कशाला?" हे कालचं पोस्ट वाचून राहवलं नाही. नव्यांसाठी: सेल्फ-सिमिलर म्हणजे सेकंदावर पाहा की मिनिटावर, चढउतार सारखाच दिसणारं; पॉइसन म्हणजे येणारे एकमेकांपासून स्वतंत्र, एका सरासरी दराने येतात असं धरणारं गणित; अर्लांग म्हणजे त्यावर उभं असलेलं फोनच्या लाइनींचं गणित. त्या १९९४ च्या अभ्यासात बेलकोर या अमेरिकी टेलिफोन-संशोधन कंपनीच्या इथरनेटवर (आतल्या संगणक-जाळ्यावर) मोजली होती पॅकेटं, म्हणजे डेटाचे तुकडे. माणूस लॉगिन कधी करतो, हा वेगळा प्रश्न. पॅक्सन आणि फ्लॉइड यांचा १९९५ चा पेपर पूर्ण वाचा. टेलनेटची (दूरच्या संगणकावर लॉगिन करायची जुनी सोय) सत्रं सुरू होण्याच्या वेळा पॉइसनमध्ये बसतात असं त्यातच आहे, फक्त दर तासागणिक वेगळा धरायचा. चूक लॅम्डा (येण्याचा सरासरी दर) दिवसभर एकच धरण्यात आहे.

हर्स्टवाला: पोस्ट माझंच. त्या पेपरच्या शीर्षकातच पॉइसनचं 'अपयश' आहे! बफर (पॅकेटं रांगेत थांबायची जागा) भरतो तो पॅकेटांनी. पॉइसनचा आलेख सेकंदावरून शंभर सेकंदांवर नेला की सपाट होतो, बेलकोरचा खडबडीतच राहिला. नुसता दर बदलून हे होत नाही.

गणिती_काका: होतं. सरासरी मध्येच पायरीसारखी सरकली, तरी हर्स्टचा आकडा (खडबडीतपणा किती टिकतो याचं माप; ०.५ म्हणजे टिकत नाही) ०.५ च्या वर दिसतो. आधी दिवसाचा चढउतार काढा, मग मोजा.

रातपाळी: माझा राग पाच मिनिटांच्या सरासरीवर आहे. आमच्या लिंकचा आलेख ४० टक्क्यांवर, आणि तक्रारींचे फोन थांबेनात. शेवटी पहाटे तीनला इंटरफेसचे ड्रॉप (जागा नसल्याने टाकून दिलेली पॅकेटं) सेकंदासेकंदाला वाचत बसलो. तासाच्या ठोक्याला आकडा उसळायचा, वीस सेकंदांत गप्प. सगळ्या सर्व्हरांचा बॅकअप क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं सुरू करणारा प्रोग्राम) शून्य मिनिटाला लावलेला!

हर्स्टवाला: हा किस्सा झाला, पुरावा नाही.

रातपाळी: तीन रात्री जागलोय त्यासाठी. साहेब आलेख दाखवून "लिंक रिकामी आहे" म्हणत होते. प्रत्येक सर्व्हरची वेळ थोडी मागेपुढे केली, ड्रॉप थांबले. तुमच्या हर्स्टने हे सांगितलं असतं?

ताशी_दर: हेच तर म्हणतेय! दर वेळेनुसार बदलतो, आणि का बदलतो ते शोधावं लागतं.

गणिती_काका: पण एका ठोक्याला सगळे सुटले तर तिथे पॉइसनही नाही, ताई. येणारे एकमेकांपासून स्वतंत्र कुठे राहिले?

ताशी_दर: बरं, क्रॉनपुरतं मागे घेते. माणसांपुरतं नाही.

हर्स्टवाला: सत्रांपुरतं मीही मानतो, नाइलाजाने. पण वेबवरच्या फायलींच्या आकारांना लांब शेपूट आहे (बहुतेक लहान, पण थोड्या अवाढव्य), तिचं काय? सत्रं पॉइसन आली तरी खडबडीतपणा तिथूनच येतो.

रातपाळी: कुणाकडे सेकंदाच्या मोजणीचा आठवड्याभराचा डेटा आहे का? पाच मिनिटांचा नको.