कांदा अनुदानाच्या लाभार्थ्यांची यादी नाकारली, पहिल्या अपिलात काय लिहू? (नाशिक)

नमस्कार. मी नाशिकला नोकरी करते, माहेर निफाड तालुक्यात. वडिलांसाठी (आण्णांसाठी) लिहितेय. माहिती अधिकाराची अपिलं ज्यांनी स्वतः केली आहेत त्यांनी कृपया वेळ काढून वाचा.

२०२३ साली कांद्याचे भाव पडले तेव्हा राज्य सरकारने क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान दिलं होतं. १ फेब्रुवारी ते ३१ मार्चमधली विक्री, एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त २०० क्विंटल. आण्णांचा तीन ट्रॉल्या मिळून ६२ क्विंटल रांगडा (उशिराच्या खरिपाचा) कांदा विकला गेला होता, म्हणजे २१,७०० रुपये. काटापट्ट्या (वजनाच्या पावत्या), सातबारा, पासबुकाची झेरॉक्स, सगळं जोडलं होतं. तरी अर्ज बाद. सातबाऱ्यावर कांद्याची नोंद नाही असं तोंडी सांगितलं. नोंद आहे, उतारा आत्ता माझ्यासमोर आहे.

त्याच वेळी गावात कुजबुज, की ज्यांच्या रानात त्या हंगामात कांदाच नव्हता त्यांच्याही खात्यावर पैसे आले. ऐकीव गोष्टीवर मी कुणाला चोर म्हणणार नाही. म्हणूनच यादी हवी आहे. आज होतंय काय, तर ज्यांना रास्त पैसे मिळाले त्यांच्याकडेही लोक संशयाने बघतात, आणि आण्णांसारखे ज्यांचे हुकले त्यांना कुणाशी ताडून बघावं ते कळत नाही.

मी माहिती अधिकारात आमच्या गावापुरतं मागितलं: लाभार्थ्याचं नाव, विकलेले क्विंटल, मिळालेली रक्कम, आणि बाद अर्जांची कारणं. आधार किंवा खाते क्रमांक नकोत असं अर्जात स्पष्ट लिहिलं होतं. उत्तर आलं, ‘त्रयस्थ व्यक्तीची वैयक्तिक माहिती, कलम ८(१)(ञ) नुसार देता येत नाही’. एवढंच. बाद अर्जांच्या कारणांवर एक शब्द नाही, आणि ती तर कुणाची खासगी बाब नव्हे!

माझ्या वाचण्यात आलं ते असं. कलम ४(१)(ख)(बारा) प्रमाणे अनुदान योजनांच्या रकमा आणि लाभार्थ्यांचा तपशील कार्यालयाने न मागता प्रसिद्ध करायचा असतो. पीएम किसानची गाववार यादी पोर्टलवर कुणालाही दिसते. मग कांदा अनुदानाची का नाही? पण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ८(१)(ञ) ची भाषा बदलली, वैयक्तिक माहिती नाकारणं सोपं झालं, आणि मी अडकलेय ती इथेच. या बदलाचा आधार घेऊन अपीलही फेटाळतील का? अशा वेळी कलम ४ वर भर द्यावा, की ८(२) मधल्या व्यापक जनहितावर? कलम १० प्रमाणे खासगी भाग झाकून बाकीचं द्या, अशी पर्यायी मागणी त्याच अपिलात केली तर बाजू कमकुवत होते का?

दुसरं, ग्रामसभेत यादीच्या वाचनाची मागणी कुणी लावून धरली आहे का? आण्णा म्हणतात, “पोरी, रोज त्यांच्याच बांधावरून जायचंय. वैर कशाला?” त्यांचं म्हणणं मला कळतं, त्यामुळे अर्ज माझ्या नावाने केलाय.

अपिलाची ३० दिवसांची मुदत संपायला ११ दिवस उरलेत. २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणलाय, दीड पानांचा मसुदा तयार आहे. कुणी तपासून देणार असेल तर नावं काढून इथेच टाकते. राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठापर्यंत असं प्रकरण नेलेलं कुणी असेल तर किती महिने लागले तेही सांगा.