‘एस्च्यू’ म्हणजे नुसतं टाळणं नव्हे का?

कोथरूडचा सेक्रेटरी
२४ फ्लॅटची आमची सोसायटी, आणि मागच्या वर्षीपासून सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात. लिफ्टचा माणूस सर्व्हिसिंगला येणार होता म्हणून परवा नोटीस लावली: ‘मेंबर्स आर रिक्वेस्टेड टू एस्च्यू द लिफ्ट फ्रॉम इलेव्हन टू वन.’ तेच ते ‘अव्हॉइड’ लिहून कंटाळलो होतो, आणि डिक्शनरीत एस्च्यूचा अर्थ ‘टाळणे’ असा स्वच्छ दिलाय. संध्याकाळी बघतो तर खाली लाल पेनाने, वळणदार अक्षरात: ‘लिफ्ट हे काय व्यसन आहे?’

अक्षर कोणाचं ते सगळ्या बिल्डिंगला ठाऊक आहे. तिसऱ्या मजल्यावर इंग्रजीच्या निवृत्त बाई राहतात. त्यांच्याकडे विचारायला गेलं की तासभर सुटका नाही, म्हणून इथे विचारतो. माझं चुकलं कुठे?

पेठेतली भाषांतरवाली
बाईंनी एका ओळीत सांगितलंय की! गणपतीत संध्याकाळी आपण लक्ष्मी रोड टाळतो, ते अव्हॉइड. आमच्या सासूबाई कांदेनवमीला पोटभर भजी खातात आणि मग अख्खा चातुर्मास कांदा-लसणाला शिवत नाहीत, ते एस्च्यू. मी भाषांतर करताना ‘वर्ज्य करणे’ लिहिते. भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य असतात, ते काय गवयाला लागत नाहीत म्हणून? हाताशी आहे, जमतंय, तरी ठरवून घ्यायचं नाही, असा भाव हवा. म्हणून त्याच्यापुढे बहुतेकदा हिंसा, प्रसिद्धी, डामडौल असलं काहीतरी येतं. गाडी चालवताना खड्डा चुकवला तर तिथे हा शब्द शोभत नाही. माणसाला टाळायचं असेल तर ‘शन’ जास्त बरा.

आणि एस्च्यूनंतर थेट कर्म. ‘फ्रॉम’ लागतं ते ‘अब्स्टेन’ला, याला नाही. ‘टू’ही नको, क्रियापदच जोडायचं तर ‘इंग’ लावून.

रविवारचा वाचक
मला कॉलेजात वाटायचं, यात ‘च्यू’ आहे म्हणजे चघळण्याशी काहीतरी संबंध असणार. काही नाही. शब्द आला जुन्या फ्रेंचमधून, त्याच्या मागचं मूळ जर्मानिक; बुजरा या अर्थाचा ‘शाय’ त्याच कुळातला. उच्चार इस्-च्यू, जोर शेवटावर. काही जण ‘इश्यू’च्या जवळ जाईल असाही करतात, पण सोसायटीच्या मीटिंगमध्ये तसा करू नका, आधीच इश्यू कमी नसतात.

१६११ च्या किंग जेम्स बायबलात ईयोबाच्या पुस्तकातलं पहिलंच वचन बघा. देवाला भिणारा आणि ‘एस्च्यूड ईव्हिल’ असा तो माणूस. वाईट त्याच्या वाटेत आलं नाही असं नव्हे, त्याने ते वर्ज्य केलं.

जिनेवाला
बाईंचं शंभर टक्के मात्र मान्य नाही. वस्तूपुढे हा शब्द चालतोच. माझे वडील ७८ वर्षांचे. लिफ्ट चालू असताना, हातात भाजीची पिशवी असताना, चार मजले चढून येतात. दुसऱ्या मजल्यावर पिशवी कठड्याला टेकवतात, किल्ली खिशात आहे ना बघतात आणि पुढे निघतात. ते लिफ्ट एस्च्यू करतात! इंग्रजीत ‘इन फेव्हर ऑफ द स्टेअर्स’ असं पुढे जोडतात, तेही इथे चपखल बसतं. तुमच्या मेंबरांना दोन तास लिफ्ट मिळणारच नव्हती, मग वर्ज्य काय करणार?

कोथरूडचा सेक्रेटरी
आता ट्यूब पेटली. म्हणजे तिथे माझं ‘अव्हॉइड’सुद्धा चाललं नसतं, लिफ्ट बंद आहे एवढंच लिहायचं होतं. काम त्या दिवशी झालंच नाही, माणूस उद्या येतोय, म्हणून आज सरळ मराठीत लावली: ‘उद्या ११ ते १ लिफ्ट बंद राहील.’

आत्ता दूध आणायला खाली गेलो होतो. लाल पेन: ‘सकाळी की रात्री?’