परदेशी विद्यापीठात विनिमयाचं एक सत्र : तयारीचे अनुभव

कुठे जावं यावर सल्ले भरपूर मिळतात. कुठला कागद कुठल्या कागदाच्या आधी लागतो, हे मात्र कुणी सांगत नाही. म्हणून हा धागा. प्रवासवर्णनं नकोत. तारखा, फॉर्म, आकडे आणि काम नेमकं कुठे अडतं, तेवढंच लिहा.

आंतरराष्ट्रीय कक्षातून

सुरुवात बारा महिने आधी. विनिमयात, म्हणजे दोन विद्यापीठांच्या करारातून विद्यार्थी पाठवण्यात, दोन पायऱ्या असतात आणि बहुतेक गोंधळ त्यांची सरमिसळ केल्याने होतो. आधी तुमचं विद्यापीठ तुमचं नाव पाठवतं, म्हणजे नॉमिनेशन. त्यानंतरच यजमान विद्यापीठाकडून अर्जाची लिंक येते. थेट त्यांच्या संकेतस्थळावर अर्ज भरलात तर तुमची गणना स्वखर्चाने येणाऱ्या पाहुण्या विद्यार्थ्यांत होऊ शकते आणि पूर्ण शिकवणी फी मागितली जाते. नॉमिनेशन असेल तर शिकवणी फी आपल्याच विद्यापीठात भरायची, तिकडची माफ. वसतिगृह, विमा आणि सत्राचं किरकोळ शुल्क मात्र माफीत येत नाही.

करार आहे एवढ्यावर विसंबू नका. तीन गोष्टी विचारा: करार कोणत्या विभागासाठी आहे, जागा किती आहेत आणि मुदत कधी संपते. कित्येक करार एकाच विभागापुरते आणि दोन-तीन जागांचे असतात.

क्रेडिट मंजुरीचं काम पाहणारा प्राध्यापक

व्हिसापेक्षा जास्त सत्रं वाया जातात ती क्रेडिटमुळे. युरोपात पूर्ण सत्र ३० ईसीटीएसचं (तिकडचं क्रेडिटचं माप), आणि एक ईसीटीएस म्हणजे २५ ते ३० तासांचं काम, घरचा अभ्यास धरून. ब्रिटनमधले ६० क्रेडिट म्हणजे हेच ३०. अमेरिकेत साधारण १५ क्रेडिट त्याच्या बरोबरीचे धरतात. तिथे पदवीच्या विद्यार्थ्याला पूर्णवेळ ठरायला सहसा किमान १२ लागतात.

पाच विषय घ्यायचे असतील तर आठ मंजूर करून घ्या. संकेतस्थळावरची यादी बऱ्याचदा गेल्या वर्षीची असते. पोहोचल्यावर कळतं की एक विषय यंदा नाही, दुसऱ्याचं वेळापत्रक तिसऱ्याशी भिडतंय, चौथ्यासाठी पूर्वअट आहे, आणि पाचवा स्थानिक भाषेतच शिकवतात. मंजुरीसाठी विषयाचं नाव पुरत नाही. आठवडावार विषय, तासिका, मूल्यमापनाची पद्धत आणि वाचनसूची असलेला अभ्यासक्रम लागतो. तो पीडीएफ करून ठेवा, कारण सत्र संपल्यावर पान बदलतं. तोंडी ‘चालेल’ला काही अर्थ नाही, मंजुरी ईमेलवर किंवा सही केलेल्या लर्निंग ॲग्रीमेंटवर (कोणते विषय घ्यायचे, त्याचा करार) हवी. तिथे गेल्यावर विषय बदललात तर सुधारित प्रत त्याच आठवड्यात पाठवा.

गुणांचं रूपांतर आधीच विचारून घ्या. जर्मनीत १.० सर्वोत्तम, ४.० काठावर पास, ५.० नापास. फ्रान्समध्ये २० पैकी १० ला पास आणि १६ म्हणजे फार चांगले गुण. सरळ ८० टक्के धरले तर विद्यार्थ्याचं नुकसान होतं. आपलं विद्यापीठ गुण धरणार की नुसतं पास-नापास, हे निघण्यापूर्वी लेखी घ्या. पर्याय असेल तर मी पास-नापासच सुचवतो.

वेळापत्रकाबद्दल

वरच्या प्रतिसादाला जोड. जर्मनीचं हिवाळी सत्र कागदावर १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. तासिका साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, परीक्षा त्यानंतरही चालतात. आपल्याकडचं पुढचं सत्र जानेवारीत सुरू होत असेल तर हे जमतच नाही. लवकर परीक्षा घेणार का, हे त्या-त्या प्राध्यापकावर असतं, आणि ते पहिल्या दोन आठवड्यांत विचारायचं, डिसेंबरमध्ये नाही. अमेरिकेचं शरद सत्र ऑगस्टच्या शेवटी सुरू होऊन डिसेंबरच्या मध्यात संपतं, म्हणून ते बहुतेकांना सोयीचं पडतं. ऑस्ट्रेलियात पहिलं सत्र फेब्रुवारीच्या शेवटी, दुसरं जुलैत. जपानमध्ये वर्ष एप्रिलला सुरू होतं.

शेवटचं सत्र विनिमयासाठी ठेवू नका. इरॅस्मस या युरोपीय विनिमय योजनेच्या नियमानुसार निकालानंतर पाच आठवड्यांत गुणपत्रक पाठवायचं असतं, आणि निकालालाच वेळ लागला तर पदवी अडकते.

व्हिसा आणि पैसे

शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक) अल्पमुदतीचा व्हिसा १८० दिवसांत ९० दिवसांचा. सत्र त्याहून मोठं, त्यामुळे डी प्रकारचा राष्ट्रीय व्हिसाच लागतो. तारीख मिळायलाच कित्येक आठवडे जातात. प्रवेशपत्र हातात येईपर्यंत थांबू नका, वाणिज्य दूतावासाला चालत असेल तर आधीच वेळ घेऊन ठेवा.

जर्मनीसाठी ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे खर्चाची रक्कम आधीच भरून ठेवायचं आणि दरमहा ठरावीकच काढता येणारं खातं: २०२४ च्या सप्टेंबरपासून महिन्याला ९९२ युरो, वर्षाचे ११,९०४. एका सत्रासाठी किती महिन्यांची रक्कम चालेल ते दूतावासालाच विचारा. इथे हमखास होणारी गोष्ट म्हणजे मधल्या बँका शुल्क कापतात, रक्कम काही युरोंनी कमी पोहोचते आणि पुष्टीपत्र निघत नाही. थोडी जास्तच पाठवा.

अमेरिकेत विनिमयाला सहसा जे-१ व्हिसा. त्यासाठी लागणारा डीएस-२०१९ फॉर्म यजमान विद्यापीठ देतं, सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदीचं) शुल्क २२० डॉलर. कार्यक्रमाच्या ३० दिवसांपेक्षा आधी प्रवेश नाही, आणि संपल्यावर ३० दिवस राहता येतं, काम करता येत नाही. विम्याला किमान मर्यादा आहेत: प्रत्येक आजार वा अपघातासाठी १ लाख डॉलर, उपचारासाठी दुसरीकडे हलवायला ५० हजार, पार्थिव मायदेशी नेण्यासाठी २५ हजार, आणि स्वतः भरायचा वाटा ५०० डॉलरपर्यंतच. स्वस्त प्रवासी विमा नेमका या अटींत नापास होतो.

जपानसाठी व्हिसाआधी लागणारं पात्रता प्रमाणपत्र यजमान विद्यापीठ काढून देतं. ते जारी झाल्यापासून तीन महिन्यांत देशात प्रवेश करावा लागतो, त्यामुळे तिकिटाची तारीख त्यावरून ठरते.

राहायची सोय

वसतिगृहाचा अर्ज बऱ्याच ठिकाणी प्रवेशापासून वेगळा असतो आणि त्याची मुदत आधी संपते! प्रवेशपत्राची वाट पाहणाऱ्यांची खोली इथेच जाते. करार बहुधा पूर्ण महिन्यांचा. सत्र साडेचार महिन्यांचं असलं तरी भाडं पाच-सहा महिन्यांचं धरून चाला. अनामत निराळी. खासगी खोली घेणार असाल तर त्याच वेळी विनिमयावर बाहेर जाणाऱ्या तिथल्या विद्यार्थ्याची खोली पोटभाड्याने मिळते का पाहा, घरमालकाच्या लेखी परवानगीसह. खोली न दाखवता, करार न देता आधी पैसे मागणारा फसवाच समजावा.

पोहोचल्यावर पत्त्याची नोंदणी: जर्मनीत घर घेतल्यापासून दोन आठवड्यांत, घरमालकाच्या सहीच्या पत्रासह. जपानमध्ये १४ दिवसांत. फ्रान्समध्ये दीर्घ मुदतीचा विद्यार्थी व्हिसा तीन महिन्यांच्या आत ऑनलाइन वैध करायचा. पोटभाड्याच्या खोलीत घरमालकाचं नोंदणीचं पत्र मिळणार का, ते पैसे देण्यापूर्वी विचारा.

औषधं आणि लसी, थोडक्यात

औषधाच्या चिठ्ठीवर ब्रँड नको, मूळ घटकाचं नाव आणि मात्रा हवी. जपानमध्ये ॲम्फेटामाइन असलेली औषधं चिठ्ठी असली तरी नेता येत नाहीत. चिठ्ठीवरच्या इतर औषधांचाही एक महिन्यापेक्षा जास्त साठा नेताना आधी परवानगी काढावी लागते. अमेरिकेत बरीच विद्यापीठं गोवर-गालगुंड-रुबेलाच्या दोन मात्रांच्या तारखा मागतात. नोंद नसेल तर विषयनोंदणीच गोठते आणि तोवर हवे ते विषय भरून जातात.

परतीची कामं (जाऊन आलेल्यांपैकी एक)

गुणपत्रकासाठी अर्ज तिथे असतानाच करा आणि ते थेट आपल्या विद्यापीठाला पाठवायला सांगा. वसतिगृह सोडताना खोलीची तपासणी समोर करून घ्या, फोटो काढा. जर्मनीत पत्त्याची नोंद रद्द करायची राहिली तर दर घरामागे आकारलं जाणारं रेडिओ-टीव्हीचं प्रसारण शुल्क चालूच राहतं. बँक खातं सगळ्यात शेवटी बंद करा, कारण अनामत परत यायला काही महिने लागू शकतात आणि परदेशी खात्यावर पाठवायला घरमालक टाळाटाळ करतात.