आजीच्या पेटीत अमेरिकन चमचे सापडलेत, चांदी आहे का नुसतं पाणी दिलेलं?

सातरस्ता_७८:
नमस्कार मंडळी, घराला रंग काढलाय म्हणून माळ्यावरची आजीची पेटी खाली घेतली तर जुन्या चादरीत गुंडाळलेले सहा चमचे निघाले, आणि एक लंबगोल चित्र, मोठ्या बदामाएवढं. गोरी बाई, डोक्यावर पांढरी टोपी, वरनं काच आणि मागच्या बाजूला चक्क केसांची वेणी विणून बसवलीय!! आमची ही तर हातच लावेना. पणजी इथं अमेरिकन मिशनच्या बायकांकडं कामाला होती, मडम परत जाताना देऊन गेली असं आजी सांगायची. पाच चमच्यांवर १८४७ रॉजर्स ब्रदर्स असं कोरलंय, म्हणजे पावणेदोनशे वर्षं झाली ना? सहावा बारीक आहे, त्यावर सिंह, जहाजाचा नांगर आणि जी अक्षर, खाली स्टर्लिंग. सराफ बाजारात एकाला दाखवले तर कसाला न लावताच म्हणला, हा एक इंग्लंडचा, बाकीचे पाच जड आहेत, सगळे द्या मोडीत. मी तसाच उठून आलो. आता सांगा काय करू, अमेरिकेची जुनी चांदी गोळा करणारे असतात म्हणे.

टंच_बघणारा:
बरं झालं उठून आलात. आधी वाईट बातमी. ते १८४७ साल नाही, ब्रँडच्या नावातलाच भाग आहे. कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डच्या रॉजर्स भावांनी चांदीचं पाणी दिलेला माल १८४७ पासून विकायला काढला, तोच आकडा पुढं नावात कायमचा बसला आणि विसाव्या शतकातल्या चमच्यांवर पण तोच येतो. हा आकडा बघून भले भले फसतात. चमच्याची पाठ जिथं टेबलावर टेकते तिथं बघा, पाणी उडून पिवळट दिसत असेल तर आत जर्मन सिल्व्हर.
आता चांगली बातमी, तुम्ही बाजूला टाकलेला तो सहावाच खरा माल. सिंह, नांगर, जी म्हणजे गोरहॅम, अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरातली चांदीच्या भांड्यांची कंपनी, १८३१ सालची. नांगर हा इंग्लंडात बर्मिंगहॅमचा शिक्का, म्हणून तुमचा सराफ गंडला, पण बर्मिंगहॅमचा असता तर साल सांगणारं अक्षर पण असतं आणि स्टर्लिंग असं लिहायची त्यांना गरज नसते. गोरहॅमनं स्टर्लिंग, म्हणजे शंभरात साडेब्याण्णव भाग चांदी, हे प्रमाण धरलं १८६८ ला, म्हणजे चमचा त्यानंतरचा. ९२.५ टंच. वजन दोन तोळ्याच्या आसपास भरेल, पण मोडीत घालू नका राव.

शेंगाचटणी_कडकभाकरी:
का बे, पाच चमच्यांचं पाणी उतरलं म्हणायचं 😂
चेष्टा जाऊ द्या. अमेरिकेत इंग्लंडसारखी सरकारी हॉलमार्कची पद्धतच नव्हती, फक्त बाल्टिमोरला १८१४ पासून थोडी वर्षं होती. त्यामुळं जुन्या मालावर कारागिराच्या नावाचा ठसा हाच काय तो पुरावा. बोस्टनचा पॉल रिव्हिअर हा पण सोनार-चांदीवालाच, त्यानं १७६८ ला केलेला मोठा वाडगा आज तिथल्या म्युझियममध्ये आहे. आणि तिकडं लोक नाणी वितळवून भांडी करायचे, म्हणून त्या मालाला कॉइन सिल्व्हर म्हणतात, साधारण ९० टंच. आपल्याकडं राणीछाप रुपये आटवून तोडे-वाळे करायचे की नाही, तसंच, उलट आपला रुपया ९१.६ होता म्हणजे आपणच भारी. कधी भंगारात नुसतं नाव ठोकलेला पातळ, वाकडा चमचा दिसला ना, तर तो सोडायचा नाही. आणि तो गोरहॅम चिंच लावून नाहीतर राखेनं घासू नका, त्या काळ्या रेघांमुळंच नक्षी उठून दिसते. दांड्यावर कुणाच्या नावाची अक्षरं असतील तर ती पण घासून काढायची नाहीत.

उन्हाळा_४४_डिग्री:
चमच्यांचं झालं, पण मला ते चित्र जास्त महत्त्वाचं वाटतंय, त्यावर कुणीच बोललं नाही. याला मिनिएचर म्हणतात, फोटो यायच्या आधी लांब जाणाऱ्या माणसाची आठवण म्हणून जवळ ठेवायचे. केस बघून घाबरायचं काही नाही, मेलेल्याचेच असतात असं नाही, नवऱ्याला किंवा बहिणीला दिलेले पण असायचे. अमेरिकेत एडवर्ड माल्बोन नावाचा चित्रकार यात फार नावाजलेला, १८०७ ला तिशीच्या आतच गेला बिचारा. १८३९ ला डागेरोटाइप म्हणजे पहिले फोटो आले आणि हा धंदाच बसला.
आधी भिंगातनं बघा. बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर छापील, विषय संपला. ब्रशचे केसासारखे फटकारे दिसले आणि अंगाचा रंग आतनं उजळल्यासारखा वाटला तर बहुतेक हस्तिदंताच्या पातळ पापुद्र्यावर वॉटरकलर आहे. तसं असेल तर काच उघडू नका, ओलं फडकं तर अजिबात नाही, पाण्याचा थेंब पडला की चेहरा गेला. हस्तिदंत कोरडा पडला की वाकतो नाहीतर तडकतो, आणि आपल्याकडचा मे महिना तुम्हाला माहितीय, त्यामुळं माळ्यावर पत्र्याखाली परत ठेवू नका.
आणि एक, ते विकायच्या भानगडीत पडूच नका. वन्यजीव कायद्यात हस्तिदंताची खरेदी-विक्री बंद आहे, वस्तू कितीही जुनी असो. घरात ठेवायचं झालं तरी वनखात्याच्या ऑफिसात जाऊन कागदाचं काय ते विचारून घ्या.

सातरस्ता_७८:
सगळ्यांचे आभार. पाठीमागनं बघितलं, पाचही चमचे पिवळे पडलेत, तिघांचं तर टोकाला पार उडालंय. आज पोहे त्यानंच खाल्ले. भिंग शेजारच्या घड्याळवाल्याकडनं आणलं होतं, ठिपके नाहीत, बाईच्या टोपीची लेस एकेक रेघ ओढून काढलीय, अर्धा तास नुसता बघत बसलो. वनखात्यात सोमवारी जातोय. गोरहॅमच्या दांड्यावर एम. एच. अशी अक्षरं आहेत, मडमची असतील का? मिशनच्या जुन्या नोंदी कुठं बघायला मिळतात, नगरला का मुंबईला, कुणाला माहिती आहे का?