मदत हवी आहे: आईच्या इरकल लुगड्याचे तुकडे लेकरांच्या कुर्त्यांवर लावायचे आहेत

औशाची आत्या:

नमस्कार मंडळी. यंदा येळवशीला आमच्याकडे सात लेकरं जमणार आहेत. दोन पुण्याहून, दोन हैदराबादहून, दोन नांदेडहून आणि एक माझं. धाकटा पाच वर्षांचा, थोरली चौदाची. नाताळच्या सुट्ट्या आणि येळवस लागून आल्यात, त्यामुळे शेतात जायच्या आधी चारेक दुपारी मोकळ्या मिळतील. त्या दुपारी सगळ्यांनी बसून आपापला कुर्ता सजवायचा आणि तोच घालून शेतात जायचं, असं मी मनाशी धरलंय. लातूरच्या गंजगोलाई बाजारातून सात पांढरे सुती कुर्ते आणूनही ठेवलेत.

बाहेरच्या मंडळींसाठी सांगते. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावस्या. लातूर-धाराशिवकडे त्या दिवशी गाव ओस पडतं आणि शिवार भरतं. शेतात कडब्याची कोप म्हणजे खोपटी करायची, पाच पांडव मांडून पूजा करायची, मग भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. आंबिलीचं बिंदगं, म्हणजे छोटी घागर, डोक्यावर घेऊन शेतापर्यंत चालत जायचा मान आमच्या घरी आईचा होता. आईला जाऊन दोन वर्षं झाली. मागच्या येळवशीला बिंदगं जीपमधून गेलं. कुणी काही बोललं नाही, पण ते मला अजून लागून राहिलंय.

तिची दोन इरकल लुगडी माझ्याकडे आहेत. एक चांगलं आहे. दुसरं घडीवर चिरलंय, नेसण्यासारखं राहिलेलं नाही. अंग गर्द निळं, सुती. काठ लाल, आणि पदर लाल-पांढरा टोपपदर. या चिरलेल्या लुगड्यातला एकेक तुकडा सातही लेकरांच्या कुर्त्यावर यावा, एवढीच इच्छा आहे. भोवती त्यांनी हवं ते रंगवावं.

अडचणी अशा. कापडाला कात्री लावली की कडेचे धागे सुटतात. एका कोपऱ्यावर करून पाहिलं तर बोटभर उसवलं. दुसरं, लाल रंग पांढऱ्या कुर्त्यावर उतरेल अशी भीती वाटते. तिसरं, मागच्या दिवाळीत लेकरांसोबत टीशर्टवर फॅब्रिक कलरने मोर काढले होते. पहिल्याच धुण्यात त्यांचे पोपडे निघाले आणि भाचीने दोन दिवस माझ्याशी धड बोलणं टाकलं. गोंदाने चिकटवलेले आरसे तर अंगणातच गळून पडले. तसं पुन्हा होऊ द्यायचं नाही. आणि पाच वर्षांच्या लेकराच्या हाती नेमकं काय काम द्यावं? नुसतं बघत बसायला लावणं मला बरं वाटत नाही.

ज्यांनी केलंय त्यांनी सांगा. कापावं की नको, इथपासून सांगितलंत तरी चालेल.

सुईदोरा, नांदेड:

ताई, मी तीस वर्षं शिवणकाम करते. जुनं लुगडं कात्रीने कापायच्या आधी त्याला पाठीमागून आधार द्यावा लागतो. नवीन कापडाला आम्ही इस्त्रीने चिकटणारं पातळ बक्रम लावतो, टेलरकडे पेस्टिंग म्हणून मागा. पण चिरायला आलेल्या कापडाला मी ते लावत नाही. ते कडक होतं आणि शेजारच्या धाग्यांवर ओढ येते. त्यापेक्षा धुतलेल्या मलमलीचं अस्तर घ्या, त्यावर लुगड्याचा भाग सैल पसरा आणि हाताने बारीक धावदोरा घाला, दोन बोटांच्या अंतराने उभा-आडवा. गोधडीला घालतो तसाच, फक्त हलक्या हाताने. मग त्या जोडकापडातून तुकडे कापा. धागे सुटणार नाहीत.

कापताना चारी बाजूंनी अर्धा इंच जास्त ठेवा. ती कड आत मुडपून कुर्त्यावर टाचून घ्या, नंतर तुरपाई करा. चौदा वर्षांच्या मुलीला काज टाका शिकवा. कडेने तो दिसतोही छान आणि कापडाला धरूनही ठेवतो. आरसे लावायचेच असतील तर गोंद नको, दोऱ्याने बांधूनच बसवा. बंजारा तांड्यावरच्या बायांच्या फेटिया-कांचळीवरचे, म्हणजे घागरा-चोळीवरचे आरसे पाहिलेत ना? वर्षानुवर्षं अंगावर वागवतात तरी निघत नाहीत, कारण प्रत्येक आरशाभोवती आधी दोऱ्याची चौकट पडते आणि टाके त्या चौकटीत अडकतात.

तुकडा कोपरावर, बगलेत किंवा बसताना ताणतो तिथे लावू नका. छातीवरचा खिसा, पाठीचा वरचा भाग किंवा बाहीची कड चांगली.

एक गोष्ट सगळ्यात आधी करा. कुर्ते कोमट पाण्यात साबणाने धुऊन वाळवून घ्या. नवीन सुती कापड आटतं, पण आईचं लुगडं आटून आटून कधीच स्थिर झालंय. न धुता जोडलंत तर पहिल्या धुण्यात कुर्ता आटेल आणि तुकड्याभोवती चुण्या पडतील.

गावाकडचा:

माझं मत वेगळं आहे. रागावू नका. लुगडं कापू नये असं मला वाटतं. पोरं वाढतात, कुर्ता दोन वर्षांत आखूड होतो, मग तो तुकडा कुठे जाणार? आमच्या आईच्या लुगड्यांची आम्ही वाकळ करून घेतली. सगळं घर एकाच वाकळेत मावतं.

औशाची आत्या:

दादा, राग कसला. रात्रभर हाच विचार केला. चांगलं लुगडं मी कापणार नाही, ते ट्रंकेतच राहील. चिरलेल्याची वाकळ केली तर ती माझ्या घरी राहील, आणि हैदराबादची लेकरं ती वर्षातून एकदा बघतील. आई त्यांना दरवर्षी भुईमुगाच्या शेंगा, तिळाच्या पोळ्या बांधून द्यायची. कुणी रिकाम्या हाताने गेलं नाही. म्हणून वाटतं, प्रत्येकासोबत काहीतरी जावं. कुर्ता आखूड झाला तर तुकडा उसवून दुसऱ्यावर लावता यायला हवा, हा तुमचा मुद्दा मात्र मनात धरलाय.

सुईदोराताई, कुर्ते आजच धुवायला टाकले.

रंगपेटी, परभणी:

मी शाळेत चित्रकला शिकवतो. पोपडे का निघाले ते तुमच्या लिहिण्यातूनच कळतं. फॅब्रिक कलर कापडात मुरत नाही, चिकट थर होऊन धाग्यांवर बसतो. नव्या कापडाला खळ असते. रंग खळीवर बसला की खळीबरोबर निघून जातो. त्यात टीशर्टचं कापड ताणलं जातं आणि मुलं रंग जाड थापतात. जाड थर ताणला की तडकणारच.

या वेळी रंग बशीत काढा आणि स्पंजने टिपून घ्या. पाणी घालायचंच तर दोन-चार थेंब, जास्त घातलं की कडेने फुटतो. कुर्त्याच्या आत पुठ्ठा सरकवा, नाहीतर पुढचं फूल पाठीवरही उमटेल. २४ तास सावलीत वाळू द्या. मग उलट्या बाजूने गरम, कोरडी इस्त्री, प्रत्येक भागावर तीन ते पाच मिनिटं. त्यानंतर निदान ७२ तास पाणी लावू नका. म्हणजे रंगकाम पहिल्या दुपारी आणि शिवण नंतर, असा क्रम ठेवा. सहसा लोक उलटं करतात आणि येळवशीच्या सकाळी ओला कुर्ता हातात येतो.

पाच वर्षांच्या मुलाला भेंडी द्या. आडवी कापली की पाच पाकळ्यांचं फूल तयार. कापून अर्धा तास कापडावर पालथी ठेवा, ओली असली तर ठसा फिसकटतो. मोठ्यांना कापसाचं पान द्या. तुमच्या शिवारात अजून पऱ्हाटी उभी असेलच. पानाच्या मागच्या बाजूला रंग लावायचा, कारण शिरा तिथे वर आलेल्या असतात. वर कागद ठेवून बोटांनी दाबा आणि पान देठाला धरून एका झटक्यात उचला. कापसाच्या कापडावर कापसाचं पान उमटलेलं बघून माझ्या वर्गातली मुलं गप्प झाली होती. भेंडी आणि कापूस एकाच कुळातली झाडं आहेत, हेही तेव्हा सांगून टाका. फुलं शेजारी ठेवली की मुलांना लगेच पटतं.

सीमेवरची, उदगीर:

ताई, तुमच्या टोपपदराबद्दल थोडं. आमच्या घरी कानडी बोलतात. इरकल हे कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातलं इलकल गाव, लुगडं तिथून आपल्याकडे येतं. त्या पदरावरच्या नक्षीला कानडीत टोपुतेने म्हणतात, आणि तेने म्हणजे कणीस. पदरावर कंगव्याचे दाते असतात, किल्ल्याचे बुरूज असतात, तसंच हे जोंधळ्याचं कणीस. येळवशीला तुम्ही कडब्याच्या कोपीत बसणार आणि अंगावर आईच्या पदराचं कणीस असणार. पदर कापताना नक्षी मधून तोडू नका, एकेक टोप अख्खा राहू द्या.

लाल रंगाचं आधी तपासा. पांढरा रुमाल भिजवून पिळा, पदराच्या टोकावर ठेवा आणि वरून इस्त्री दाबा. रुमाल गुलाबी झाला तर रंग सुटतो असं समजा. मीठ-व्हिनेगरमध्ये बुडवा असं पुष्कळजण सांगतील. कापडावर चढून गेलेला रंग त्याने पक्का होत नाही. फक्त सुटा रंग खळबळून जातो, आणि तो साध्या थंड पाण्यानेही जातो.

औशाची आत्या:

कणसाचं वाचून माझे डोळे भरून आले. आई निरक्षर होती, पण पदर खांद्यावरून पुढे घेताना ती नक्षी सरळ करायची. दोन बोटांनी, रोज. आम्हाला वाटायचं सवय आहे.

रुमाल गुलाबी झाला. निळ्या अंगाचा रंग मात्र जराही सुटत नाही. लाल पदर चार वेळा थंड पाण्यातून काढला. पाणी फिकट होत गेलं, पण पूर्ण स्वच्छ आलं नाही. आणखी किती वेळा काढू? २०१६ साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं होतं. ते दिवस आमच्या घरात कुणी विसरलेलं नाही, बादली ओतताना हात अडतो. चारही बादल्या ओसरी धुवायला वापरल्या.

सुईदोरा, नांदेड:

बास झालं, आणखी काढू नका, जुना धागा पाण्यानेही दमतो. निळे तुकडे कायमचे शिवून टाका. लाल टोपाच्या छोट्या पट्ट्या करा, मागे मलमल, चारी कडा मुडपलेल्या, आणि प्रत्येक पट्टीला चार टिचबटणं. निळ्या तुकड्यावर पट्टी बसवायची आणि धुताना काढून घ्यायची. रंग उतरण्याचा प्रश्नच मिटला. कुर्ता आखूड झाला तर नव्या कुर्त्यावर तीच पट्टी, गावाकडच्या दादांचीही शंका मिटली. हातांना घाम आला तर पट्टीला लागू देऊ नका.

गावाकडचा:

हे पटलं. एक सांगायचं राहिलं. येळवशीला पोरं हरभऱ्यात शिरणारच, आणि पानांवरची आंब, म्हणजे आंबट दव, कपड्यांना लागणार. पूर्वी बायका पहाटे हरभऱ्यावर फडकी पसरून ती आंब गोळा करायच्या, इतकी ती कापड धरते. घरी आल्यावर कुर्ते तसेच पडू देऊ नका. आणि संध्याकाळी कडब्याची चूड पेटवून शेताभोवती फिरवताना अंगावर सुतीच कापड असू द्या. कुर्ते सुती घेतलेत हे फार बरं केलंत.

औशाची आत्या:

आंबेचं लक्षात आणून दिलंत म्हणून बरं. रंगाला ७२ तास पाणी नको आणि आंब मात्र लगेच धुवायची, तर मेळ कसा घालू?

रंगपेटी, परभणी:

येळवशीच्या आधी चार दिवस रंगवा, पाचवा दिवस मोकळा सुटतो. तेही जमलं नाही तर रंगकाम छातीच्या भागावरच ठेवा आणि फक्त खालचा घेर साध्या पाण्यात बुचकळून काढा. आंब गुडघ्याकडेच जास्त लागते.

औशाची आत्या:

काल येळवस झाली, म्हणून कळवते.

रंगकाम पाच दिवस आधी उरकलं. धाकट्याने भेंडीची फुलं पाठभर उमटवली, मोजली तर ४१. पुण्याच्या पोराला कापसाचं पान तीनदा फिसकटलं. चौथं इतकं स्वच्छ आलं की देठाची गाठसुद्धा दिसते. मलमलीवर धावदोरा थोरलीने घातला. काज टाका तिला दुसऱ्या दुपारी जमला, मग तिने धाकट्या दोघांची कामंही ओढून घेतली. टिचबटणं २८ लागली, चार कमी पडली. ती औशाहून माझ्या भावाने आणली. आधी या सगळ्याला त्याची फारशी मान्यता नव्हती.

बिंदगं थोरलीने घेतलं. पांदीपासून कोपीपर्यंतच, तिच्या मानेला तेवढंच झेपलं. खांद्यावर पदराची पट्टी होती.

रात्री कुर्ते धुवायच्या आधी सातही पट्ट्या काढून ठेवल्या. रंग जागचा हलला नाही, निळे तुकडे सपाट आहेत, चुण्या नाहीत. सकाळी पट्ट्या परत लावायला घेतल्या तर सहाच. सातवी धाकट्याच्या मुठीत होती, झोपेत.