मदत हवी आहे: टोल्यांचं घड्याळ तासभर पुढे कसं न्यायचं? (न्यू जर्सी)

प्रश्न: भिंतीवर चावीचं, लंबकाचं जुनं घड्याळ आहे. तासाला तितके टोले, साडेला एक. ८ मार्च २०२६ ला इथे उन्हाळी वेळ सुरू होऊन पहाटे दोनचे तीन होतील, तेव्हा मोठा काटा नुसता फिरवला तर चालेल? आताच चारला तीन टोले पडताहेत. शिवाय १९ मार्चला पाडवा. भारतातल्या पंचांगातल्या वेळेतून किती वजा करायचं?

लंबकवाला: चालेल, पण फक्त मिनिटकाटा, आणि फक्त पुढे. दोनसाठी जागायची गरज नाही, शनिवारी झोपण्याआधी करा. आधी दोन्ही चाव्या भरा. साडेवर थांबून टोला पडू द्या, तासाला सगळे टोले संपेपर्यंत काट्याला हात नको. तिथे घाई झाली की मोजणी चुकते.

चारला तीन का? आत कडेला कमीजास्त अंतरावर खाचा असलेलं चाक दिसतंय का बघा. असेल तर टोले काट्यांकडे बघतच नाहीत, ओळीने वाजत जातात. खाचेत उतरणारी तार बोटाने हलकेच उचलून सोडायची, की पुढचे टोले पडतात. काट्यांशी जुळेपर्यंत तेच करा. चाकाऐवजी दात्यांची पट्टी असेल तर उलट: तासकाटाच अलगद फिरवून पडलेल्या टोल्यांच्या आकड्यावर आणा, मग मिनिटकाट्याने वेळ लावा.

१ नोव्हेंबरला उन्हाळी वेळ संपेल तेव्हा काटे मागे नेऊ नका. लंबक धरून तासभर बंद ठेवा, झालं.

तिथीवार: ८ मार्चपासून साडेनऊ तास वजा, साडेदहा नव्हे. १९ तारखेला भारतात अमावास्या सकाळी ६.५३ च्या सुमारास संपते, म्हणजे तुमच्याकडे १८ च्या रात्री ९.२३. त्यामुळे १९ ला तुमच्या सूर्योदयाला प्रतिपदाच आहे, गुढी त्याच सकाळी. फक्त सूर्योदय आता सहाऐवजी सातच्या आसपास, गजर तसा लावा. सूर्योदयाची वेळ मात्र वजाबाकीने काढू नका, ती स्थानिकच घ्यावी लागते.

प्रश्नकर्ता: खाचांचं चाकच आहे, तार उचलून जुळलं. आता ऊन वाढल्यावर घड्याळ मागे पडेल का?

लंबकवाला: थोडं. लंबकाची दांडी पोलादी असेल तर खोलीचं तापमान १० अंश सेल्सिअसने वाढल्यावर दिवसाला साधारण ५ सेकंद. मिनिटभर मागे पडत असेल तर दोष उन्हाचा नाही, घड्याळ भिंतीवर तिरकं आहे किंवा तेल सुकलंय. टिक आणि टॉकमधलं अंतर सारखं ऐकू येईपर्यंत आधी घड्याळ सरळ करा, मगच लंबकाखालचं नट अर्धा आटा वर घ्या आणि २४ तासांनी बघा.