अष्टाध्यायी आधी की कौमुदी?

ठाण्यात नौपाड्यात दर रविवारी संस्कृत व्याकरण शिकायला पाच जण जमतो. सुरुवात पाणिनीच्या मूळ सूत्रग्रंथाने, अष्टाध्यायीने करावी, की लघुकौमुदीने (तीच सूत्रं विषयवार लावलेलं छोटं पुस्तक)? सूत्रं पाठ होतात, पण अर्थ तुटक वाटतो.

वाशीहून: अर्थ तुटतो तो अनुवृत्ती (आधीच्या सूत्रातलं पद पुढच्या सूत्रात गृहीत धरणं) सुटते म्हणून. 'आद्गुणः' (6.1.87, म्हणजे अध्याय 6, पाद 1, सूत्र 87) यात दोनच पदं: 'अ/आ नंतर' आणि 'गुण' (अ, ए, ओ). 'अचि' (पुढे स्वर असताना) येतं 6.1.77 मधून, 'एकः पूर्वपरयोः' (आधीच्या-पुढच्या दोघांच्या जागी एक) 6.1.84 मधून. तेव्हा कुठे महा+ईश = महेश. भट्टोजी दीक्षितांनी 17व्या शतकात सिद्धान्तकौमुदीत सूत्रं विषयवार लावली, मूळ क्रम मोडला. लघुकौमुदी त्यांचे शिष्य वरदराज यांची. रूपसिद्धीला (शब्दरूपं कशी बनतात ते शिकायला) ती उत्तमच, पण प्रत्येक सूत्राचा क्रमांक पाहून मूळ जागा उघडा.

ऐरोलीहून: आधी 14 माहेश्वरसूत्रं (वर्णांची यादी; तिच्यातून 'अण्', 'इण्' अशी वर्णगटांची छोटी नावं बनतात) पक्की करा. त्यांत सूत्राच्या शेवटची खूण म्हणून ण् दोनदा येतो. 'अण्' पहिल्या ण्‌पर्यंत, अपवाद फक्त सूत्र 1.1.69; 'इण्' मात्र नेहमी दुसऱ्यापर्यंत. इथेच घोळ होतो.

प्रश्नकर्ता: म्हणजे सूत्रपाठ शेजारी हवाच. या रविवारी 6.1.72 पासून संधीची सूत्रं सलग वाचतो. आभार!